अल्झायमर : बुद्धीच्या उतरणीची गती घरी कशी ओळखावी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्येष्ठांच्या आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी डॉक्टर नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन मी अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू हाती धरला. मुलांची उजळणी घेणे, तोंडी परीक्षा घेणे आणि प्रगतिपुस्तके भरणे, एवढाच माझा अधिकार. परंतु माझ्या थोरल्या बंधूंना, दादांना, अल्झायमर नावाचा रोग जडला आणि सात वर्षे तो आमच्या घरात वस्तीला राहिला. त्या काळात जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि मुख्यतः जे चुकले, ते आपणांपुढे ठेवावे एवढ्याच हेतूने मी येथे उभा आहे.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ अशी एक म्हण आहे. या म्हणीने आपले फार नुकसान केले आहे असे माझे मत आहे. आजोबा एकच गोष्ट चारदा विचारू लागले, की घरातली माणसे हसतात आणि ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. वस्तुतः वयाबरोबर येणारी विस्मृती निराळी आणि स्मृतिभ्रंश हा रोग निराळा. चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे ही विस्मृती. चष्मा हाती घेऊन तो कशासाठी असतो हे न उमगणे हा रोग. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष असा की, भारतात साठ व त्याहून अधिक वयाच्या शंभर माणसांमागे सात ते आठ माणसांना स्मृतिभ्रंश आहे. देशभरातील अशा माणसांची संख्या 88 लाखांच्या घरात जाते. स्मृतिभ्रंशाचे प्रकार अनेक आहेत. पण जगभर पाहता त्यांतील साठ ते सत्तर टक्के रुग्ण अल्झायमरचे असतात. या सभागृहात साठीच्या पुढची मंडळी किती बसली आहेत हे मी मोजले नाही, आणि मोजणारही नाही.

ज्या घरात हा रोग शिरतो त्या घरातील माणसांचा डॉक्टरांना पहिला प्रश्न ‘बरे होईल का?’ हा असतो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे मिळाले की दुसरा प्रश्न येतो, ‘किती वेगाने वाढेल?’ मी आज बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी.

या रोगाचा पहिला लिखित पाठपुरावा जर्मनीतला आहे. 25 नोव्हेंबर 1901 रोजी फ्रँकफुर्ट शहरातील मनोरुग्णालयात औगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी तिला रोज साधे प्रश्न विचारावे आणि तिची उत्तरे जशीच्या तशी उतरून घ्यावी, असा क्रम ठेवला. नाव विचारले तर ती औगुस्ट म्हणून सांगे. यजमानांचे नाव विचारले तरीही औगुस्टच सांगे. ताटात फ्लॉवरची भाजी आणि डुकराचे मांस असताना आपण पालक खात आहोत असे तिने सांगितले. स्वतःचे नाव लिहावयास बसली तर तेही तिला पुरे करता येईना. 8 एप्रिल 1906 रोजी ती वारली. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथे भरलेल्या डॉक्टरांच्या सभेत अल्झायमर यांनी तिची हकीकत व तिच्या मेंदूची तपासणी सादर केली आणि 1910 साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगास अल्झायमरचे नाव दिले. तिच्या रुग्णपत्रिकेचे ते जुने कागद पुढे हरवले होते. ते 1995 साली फ्रँकफुर्टलाच सापडले. मला यात विशेष वाटते ते हे की, मोठ्या यंत्रांच्या कितीतरी आधी एका डॉक्टराने कागद, पेन्सिल आणि धीर एवढ्यावर हा रोग न्याहाळला.

पुढे या प्रश्नोत्तरांना परीक्षेचे रूप आले. 1975 साली अमेरिकेत डॉ. फोल्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस गुणांची एक तोंडी परीक्षा तयार केली. तिला मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन असे म्हणतात. आज वार कोणता, महिना कोणता याला पाच गुण. आपण कोठे आहोत याला पाच. तीन शब्द ऐकून म्हणण्यास तीन आणि तेच काही वेळाने आठवण्यास पुन्हा तीन. शंभरातून सात-सात वजा करीत जाण्यास पाच. उरलेले गुण वस्तूंची नावे सांगणे, सूचना पाळणे, वाचणे, लिहिणे आणि आकृती काढणे यांना. मला तर ही प्रश्नपत्रिका पाहून आमच्या तिसरीच्या वर्गाची आठवण झाली. अल्झायमरच्या रुग्णाचे या परीक्षेत सरासरीने वर्षाला तीन गुणांच्या आसपास कमी होतात असे मानले जाते. परंतु सरासरी हा शब्द शिक्षकाने तरी जपून वापरला पाहिजे. वर्गाची सरासरी पन्नास आहे म्हणून कोणत्याही एका मुलास पन्नास मिळालेले असतील असे नाही. कोणा रुग्णाचा वर्षभरात एकही गुण जात नाही, तर कोणाचे सहा जातात. शिवाय आज बावीस आणि महिन्याने वीस मिळाले तर रोग वाढला असे समजू नये. रात्री झोप झाली नसेल, ऐकू कमी आले असेल, किंवा परीक्षा घेणारा निराळा असेल. दोन गुणांचा फरक हा पुष्कळदा त्या दिवसाचा फरक असतो. आरंभी बुद्धिमान माणूस अठ्ठावीस-एकोणतीस गुणांवर टिकून राहतो आणि आतून पोखरत चालला असला तरी परीक्षेस ते दिसत नाही. शेवटी गुण शून्यावर आले तरी माणूस आणखी खचतच असतो. म्हणजे पट्टीच्या दोन्ही टोकांना ही पट्टी आंधळी आहे.

आणखी एक मोठी उणीव अशी की, जिला लिहिता-वाचता येत नाही तिने शंभरातून सात कसे वजा करावे? माझ्या मातोश्रींना अक्षरओळख नव्हती, पण गल्लीतल्या चाळीस घरांची देणीघेणी त्यांना पाठ होती. त्यांना या परीक्षेत पंधरा गुण मिळाले असते आणि कोणीही त्यांना स्मृतिभ्रंश झाला असे ठरविले असते. ही अडचण दूर करण्याचे काम आपल्या देशात झालेले आहे, याचा मला अभिमान वाटतो. हरियाणातील बल्लभगड भागातील खेड्यांत निरक्षर वृद्धांची पाहणी करताना पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डॉ. मेरी गांगुली व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी या परीक्षेचे हिंदी रूप सिद्ध केले. ते 1995 साली प्रसिद्ध झाले. तेथे वाचण्याच्या प्रश्नाऐवजी परीक्षकाने स्वतः डोळे मिटावयाचे आणि ‘मी करतो तसे करा’ असे म्हणावयाचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगावयाचे. शंभरातून सात न जमले तर विसातून तीन. प्रश्न बदलला, पण पारख तीच राहिली. उत्तम शिक्षकाने असेच करावयाचे असते.

आता माझी चूक सांगतो. दादांचे तालुक्याच्या गावी किराणा-भुसाराचे दुकान होते. रोजकीर्द आणि खतावणी ते पन्नास वर्षे स्वहस्ते लिहीत आले. 2017 सालच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री, त्यांच्या बेरजा चुकू लागल्या. तीनदा मोडून तीनदा केली, तीन वेळा निराळी आली. त्यांनी वही मिटली आणि ‘शाई चांगली नाही’ असे म्हणाले. पुढे तपासणी होऊन निदान झाले, तेव्हा त्यांना तीसपैकी चोवीस गुण मिळाले होते. मी शिक्षक, मला वाटले, गुणांचा हिशेब आपणच ठेवू. मी दर रविवारी त्यांना समोर बसवून वार, महिना, तीन शब्द, वजाबाकी असे विचारू लागलो. दोन महिन्यांनी त्यांचे गुण वाढले! मी हर्षभरित झालो. डॉक्टर हसून म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही तेच तीन शब्द विचारता, आजाराच्या आरंभी माणूस ते पाठ करू शकतो.’ त्यानंतरच्या रविवारी मी शब्द बदलले. दादांना एकही आठवला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘अरे, मी तुला शाळेत घालायला घेऊन गेलो होतो. तू आता माझी परीक्षा घेतोस?’ त्यांचे डोळे भरून आले होते. माझी वही मी त्याच दिवशी बंद केली.

दुसरी वही सुरू केली ती त्यांच्या सूनबाईंनी. त्या दादांना काही विचारीत नसत. दर संकष्टीला, चंद्रोदयाची वाट पाहत बसले असता, मागील महिन्यात दादांनी काय केले आणि काय करता आले नाही, एवढेच त्या लिहीत. धोतर स्वतः नेसले की नेसवावे लागले. देवपूजा क्रमाने झाली की गंध लावल्यावर पुन्हा स्नान घातले. दूधवाल्यास पैसे देताना मोड बरोबर घेतली की नाही. मारुतीच्या देवळातून एकटे परत आले की कोणी आणून सोडले. धाकट्या नातीचे नाव घेतले की थोरलीचे. पाच-सहा ओळींहून अधिक नाही. मला आधी वाटले, याला काय पद्धत म्हणावयाची? नंतर कळले की शास्त्रातही हीच पद्धत मान्य आहे. 1982 साली अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी जी मोजणी काढली, ती क्लिनिकल डिमेन्शिया रेटिंग, याच पायावर उभी आहे. तीत स्मरण, स्थळकाळाचे भान, निर्णयशक्ती, समाजातील व्यवहार, घरातील कामे व छंद, आणि स्वतःची निगा अशी सहा अंगे पाहतात. प्रथम घरच्या माणसास बाजूला घेऊन विचारतात. गेल्या आठवड्यात घडलेली एखादी गोष्ट तपशिलाने काढून घेतात आणि मग तीच रुग्णास विचारतात. पडताळा असा मिळतो. येथे रुग्णाची तुलना शेजाऱ्याशी नाही, वर्गाच्या सरासरीशी नाही. कालच्या त्याच माणसाशी आहे. आमच्या सूनबाईंनी ही मोजणी कधी वाचली नव्हती.

या वहीने आमचे काय काम केले ते ऐका. 2018 साली वहीवरून असे दिसत होते की दादांचे व्यवहारज्ञान अजून बरेचसे शाबूत आहे, परंतु महिन्यागणिक हिशेब सुटत चालला आहे. म्हणून आम्ही विलंब न लावता त्यांचे मृत्युपत्र करून घेतले. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम 59 सांगते की, मृत्युपत्र करणारा ते करतेवेळी शुद्धीवर व समजत्या मनाचा असला पाहिजे. आम्ही त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घेतला. दादांनी दुकान कोणास आणि शेत कोणास हे स्वतःच्या तोंडाने, कारणांसह सांगितले. दीड वर्षांनी ते त्यांना सांगता आले नसते. आपल्या ज्ञातीतील एका घरात हीच गोष्ट ‘पुढे पाहू’ म्हणून राहिली आणि सख्खे भाऊ आज न्यायालयाच्या पायऱ्या चढत आहेत. नावे सांगण्याचे कारण नाही. ऐकणाऱ्यांस ती ठाऊक आहेत.

दुसरा प्रसंग 2021 च्या श्रावणातला. आठ दिवसांत दादा एकदम कोसळले. रात्री उठून दाराची कडी काढू लागले, भिंतीवर माणसे दिसतात म्हणू लागले, आम्हां कोणास ओळखीनात. एका डॉक्टरांना दाखविले. त्यांनी दोन मिनिटे पाहिले आणि सांगितले, ‘हा रोगच असा आहे. आता शेवटची पायरी आली, सांभाळा.’ मी त्यावर विश्वास ठेवला. सूनबाईंनी ठेवला नाही. त्या वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘काका, गेल्या संकष्टीला मामंजींनी स्वतः दूर्वा निवडल्या. त्याच्या आधीच्या संकष्टीलाही निवडल्या. वर्षभराची उतरण आठ दिवसांत होईल का?’ आम्ही त्याच रात्री दादांना मोठ्या रुग्णालयात नेले. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. आपण ज्यास वात होणे, वातात बडबडणे असे म्हणतो, तो प्रकार होता. औषधोपचार होऊन तीन आठवड्यांत दादा पुष्कळसे पूर्वपदावर आले आणि पुन्हा दूर्वा निवडू लागले.

बंधुभगिनींनो, आजच्या भाषणातील एवढे एक जरी आपण घरी नेलेत तरी मला पुरे आहे. अल्झायमरची उतरण महिन्यांची आणि वर्षांची असते. ती दिवसांची नसते. दिवसांत माणूस घसरला तर दुसरे कारण शोधावयाचे : ताप, लघवीचा अथवा छातीचा संसर्ग, अंगातील पाणी कमी होणे, मलावरोध, पडून डोक्यास लागलेला मार, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी. ही कारणे बरी करण्याजोगी असतात. परंतु घसरण जलद आहे की मंद हे ठरविण्यासाठी मागचे काहीतरी लिहिलेले हवे. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे एकच दिवस होता. खरे सांगावयाचे तर संसर्गानंतर दादांची उतरण पूर्वीहून अधिक वेगाने झाली. असा वाताचा झटका येऊन गेला की पुढील ऱ्हासाची गती वाढते, असे अभ्यासकांनाही आढळले आहे. तथापि आम्हांला त्यांची आणखी अडीच वर्षे मिळाली.

शिकलेल्या माणसांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या ज्ञातीत शिक्षणाचा प्रसार चांगला आहे, म्हणून ती आपणांस लागू आहे. शिक्षणाने मेंदूस एक प्रकारची शिल्लक लाभते आणि त्यामुळे रोगाची लक्षणे उशिरा दिसू लागतात, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. मला हे वाचून शिक्षक म्हणून समाधान वाटले. पण पुढचे वाक्य असे होते की, लक्षणे एकदा दिसू लागल्यावर अधिक शिकलेल्या माणसाची घसरण बहुधा अधिक वेगाने होते. कारण तोपर्यंत रोग आत पुष्कळ पसरलेला असतो; शिल्लक संपत आली की दिवाळे एकदम निघते. सबब आपले निवृत्त वकील, हेडमास्तर, मामलेदार यांच्या घरच्यांनी ‘यांना काही होणार नाही, केवढे हुशार’ म्हणून स्वस्थ बसू नये.

औषधांविषयी थोडेच सांगतो, कारण त्या बाबतीत वर्तमानपत्रे फार मोठ्या अक्षरांत छापतात. डोनेपेझिल ही गोळी 1996 पासून आहे. ती लक्षणे काही काळ सौम्य करते, रोग थांबवीत नाही. लेकॅनेमॅब या शिरेतून द्यावयाच्या औषधास अमेरिकेत जुलै 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. आरंभीच्या अवस्थेतील 1,795 रुग्णांवर अठरा महिने त्याची परीक्षा झाली. मघाशी सांगितलेल्या सहा अंगांच्या मोजणीत एकूण गुण अठरा असतात आणि ते जितके वाढतील तितका रोग वाढला असे समजावयाचे. औषध न मिळालेल्यांचे गुण 1.66 ने वाढले, मिळालेल्यांचे 1.21 ने. फरक 0.45. म्हणजे उतरण 27 टक्क्यांनी मंद झाली, असे वर्तमानपत्रांनी छापले आणि ते खोटे नाही. परंतु अठरापैकी अर्ध्या गुणाहूनही कमी फरक असेही त्याचेच नाव आहे. काही रुग्णांच्या मेंदूस सूज येते वा रक्तस्राव होतो, हे निराळेच. घरातल्या माणसास एवढा फरक दिसेल काय, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. मे 2025 मध्ये तेथेच रक्ताच्या एका चाचणीस मान्यता मिळाली. रोगाच्या खुणा मेंदूत आहेत की नाहीत याचा अंदाज तीवरून येतो. पण माणूस दर महिन्यास कसा बदलतो आहे हे रक्ताची एक बाटली सांगू शकत नाही.

वही कशी ठेवावी, असे मला पुष्कळजण विचारतात. महिन्यातील एक दिवस ठरवावा : संकष्टी, अमावास्या, पगाराचा दिवस, काहीही. लिहिणारे माणूस शक्यतो एकच असावे, कारण दोन परीक्षकांचे गुण कधी जुळत नाहीत हे मी अडतीस वर्षे पाहिले आहे. गोष्टी दर वेळी त्याच पाहाव्यात, आणि त्या त्या माणसाच्या स्वतःच्या सवयींतल्या असाव्यात. जी बाई जन्मभर पोळ्या करीत आली तिच्या पोळीचा आकार लिहावा, तिला वजाबाकी घालू नये. औषध बदलले, आजारपण आले, घर बदलले, तर तारीख टाकावी. कानाचे यंत्र, चष्मा, दातांची कवळी ठीक आहेत ना, हे लिहावे. ऐकू न आल्याने चुकलेले उत्तर विस्मृतीच्या खात्यावर जाऊ नये. निदानाच्या वेळी थायरॉइड आणि बी-12 जीवनसत्त्व यांची तपासणी झाली आहे ना, हे डॉक्टरांना विचारावे. आणि वही रुग्णाच्या हाती लागू देऊ नये. हा शेवटचा नियम मी डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाकडून शिकलो.

दादा 2024 च्या माघात गेले. शेवटच्या काही संकष्ट्यांची पाने जवळजवळ कोरी आहेत, कारण लिहावे असे काही उरले नव्हते. एका पानावर मात्र सूनबाईंनी एवढेच लिहिले आहे : ‘आज चंद्र दाखवला. बोटाने दाखवून हसले.’

त्या वहीची एक छायाप्रत, घरगुती मजकूर वगळून, मी चिटणीसांकडे दिली आहे. ज्यांना आपल्या घरी अशी वही सुरू करावयाची असेल त्यांनी ती चहापानाच्या वेळी पाहावी. मी स्वतः सदुसष्ट वर्षांचा आहे. यंदाच्या गुढीपाडव्यापासून आमच्याही घरी माझ्या नावाने एक वही सुरू झाली आहे. आज मी ठीक आहे तोवरच आरंभीची पाने भरून ठेवलेली बरी, असे मीच सुचविले. लिहिते माझी पत्नी. त्यात काय लिहिते हे ती मला दाखवीत नाही, आणि नियमाप्रमाणे मी विचारतही नाही.